गुरुवारचं राहिलेलं काम

गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीचा वार. कुठे पाणी नसतं, कुठे वीज नसते, आणि लोक बुधवारीच बादल्या भरून, मोबाईल चार्ज करून तयारीत असतात. सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीत तर जमिनीखालची केबल बदलायचं काम निघालं होतं. सलग चार गुरुवार सकाळी दहा ते पाच वीज बंद राहील, असा कागद सोसायटीच्या फाटकाला चिकटवला होता. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘पाच म्हणजे सात समजावे.’

प्रेमलाताईंनी तो कागद वाचला आणि फाटकापाशीच दोन मिनिटं उभ्या राहिल्या. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्या तेवीस वर्षं टायपिंगची आणि पुस्तकांची पानं लावायची कामं करत होत्या. आता मान आखडली होती, उजवा खांदा ठणकायचा, आणि दुपारनंतर अक्षरांना अक्षरं चिकटलेली दिसायची. महिनाअखेर खोली सोडायची आणि लेकीकडे, निकिताकडे, हडपसरला राहायला जायचं असं ठरलं होतं. हातात एकच काम उरलं होतं आणि ते काही संपायचं नाव घेत नव्हतं.

त्या कामाचं नाव रंगराव.

रंगराव शहात्तर वर्षांचे. विशीत यवतमाळकडून हडपसरला आले आणि सायकलच्या घंट्या अन् पेडल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. पुढे तिथेच टाइमकीपर झाले. कोण किती वाजता आला, कोण गेला, कोण आलाच नाही, याची नोंद पस्तीस वर्षं त्यांच्या हातात होती. कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातलं मस्टर काही मिटलं नाही. मग त्यांनी ठरवलं, की कारखान्यातल्या चारशे अठरा माणसांचं एक पुस्तक काढायचं. प्रत्येकाला चार ओळी : टिकिट नंबर, नाव आणि गाव, खातं, कामावर लागल्याची तारीख. आणि शेवटी एक रकाना, ‘सध्या’.

सगळा घोळ त्या ‘सध्या’मध्ये होता. सध्या लोणी काळभोरला थोरल्या मुलाकडे. सध्या गावी, शेती बघतात. सध्या रिक्षा चालवतात. हे सगळं रंगराव फोन करकरून विचारायचे आणि वहीत उतरवायचे. त्यांचं अक्षर मस्टरचं, ठळक आणि सुटं सुटं, मेणबत्तीच्या उजेडातही वाचता येईल असं. पण पुस्तक लागून तयार होईपर्यंत कुणीतरी मुलगा बदलायचं, कुणी घर बदलायचं, आणि कुणी जायचंच. मग त्या नावामागे कै. लावा. एकदा ताईंनी त्यांना सांगितलं, “काका, हे आमच्या समाजाचे दिसतात. आमच्यात कै. नाही लिहीत, कालकथित लिहितात.” रंगरावांनी त्या दिवसापासून प्रत्येक घरी फोन करून विचारायला सुरुवात केली, की तुमच्यात काय लिहितात. कुठे कै., कुठे कालकथित, कुठे मरहूम. यात आणखी तीन महिने गेले. फायनल प्रूफ असं लाल शाईत लिहिलेले दहा गठ्ठे ताईंच्या कपाटात पडून होते, आणि त्यातला एकही फायनल नव्हता.

बरं, यायचे ते गुरुवारीच. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बँक, दवाखाना, नातेवाईक, जे काय करायचं ते गुरुवारी, हे अंगात इतकं मुरलं होतं, की बाकीचे सहा दिवस मोकळे असूनही दुसऱ्या वारी घराबाहेर पडणं त्यांना कामचुकारपणाचं वाटायचं. ताई म्हणाल्या होत्या, “अहो, महिनाभर गुरुवारी इथे वीज नाही. बुधवारी या.” रंगराव म्हणाले, “बुधवारी ड्यूटी राहते नं ताई.” कुठली ड्यूटी, असं विचारण्यात अर्थ नव्हता.

विजेचं एवढं अडण्याचं कारण म्हणजे ताईंचा लॅपटॉप. तेरा वर्षांचा. त्यांचे जुने मराठी फॉन्ट ज्या प्रोग्रॅमवर चालत तो त्याच लॅपटॉपवर चालायचा. निकिताच्या नव्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली, की चारशे अठरा माणसांच्या जागी नुसते चौकोन दिसत. जुन्याची बॅटरी चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि तसली बॅटरी आता मिळत नव्हती. पिन काढली की पडदा काळा. वीज असेल तेवढाच त्याचा जीव.

पहिल्या गुरुवारच्या आधी ताईंनी एक केबल मिळवली होती. तिच्या एका टोकाला हल्लीच्या फोनसारखं सी टाइप आणि दुसऱ्या टोकाला जुन्या लॅपटॉपची गोल पिन. ती त्यांनी आपल्या फोनच्या पॉवर बँकेला लावून बघितली. लॅपटॉपने डोळा उघडला नाही. केबल खराब म्हणून दुकानात परत द्यायला गेल्या, तर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “पॉवर बँक फोनची का?”

“हो.”

“मग बैलाला चमच्याने पाणी पाजल्यासारखं होणार ते. केबल चांगली आहे. तुम्ही बैलाची बादली आणा.”

बादली निकिताने आणली. ऑफिसातून मिळालेली तिची पॉवर बँक, विटेएवढी जड, पासष्ट वॉटची. तिला वीस व्होल्ट देता येत होते आणि या लॅपटॉपला नेमके तेवढेच लागत. लावली आणि लॅपटॉप सुरू झाला. “दीड तास चालेल, आई, फार तर पावणेदोन,” निकिता म्हणाली. “आणि एक लक्षात ठेव. हिला दोन पोर्ट आहेत. एकात लॅपटॉप असताना दुसऱ्यात काहीही लावायचं नाही. फोनसुद्धा नाही. दुसरं काही लागलं, की ही क्षणभर थांबते आणि कुणाला किती द्यायचं ते नव्याने ठरवते. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला ते कळतही नाही. तुझा बंद पडेल.”

ताईंनी ते नीट ऐकलं. रंगरावांना सांगायचं राहिलं. पहिल्याच गुरुवारी, ताई पान लावण्यात गुंतलेल्या असताना, रंगरावांनी आपला फोन मुकाट्याने त्या रिकाम्या जागी लावला. दिसली मोकळी जागा, लावला फोन, त्यात त्यांचं काय चुकलं. पडदा काळा झाला आणि सकाळपासूनच्या चोवीस ओळी गेल्या. रंगराव इतके शरमले, की पुढच्या खेपेला पिशवीत अर्धा किलो चिवडा घेऊन आले. ताईंनी पॉवर बँक त्यांच्यासमोर धरली, दुसऱ्या पोर्टवर बोट ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, “इथे काही लावलं, की काम गेलं. कळलं?”

“कळलं,” रंगराव म्हणाले. “आता नाही विसरत.”

आणि ते विसरणारे नव्हतेच. पस्तीस वर्षांपूर्वी कोण किती मिनिटं उशिरा आला हे सांगणारा माणूस. ताईंनीही धडा घेतला. तेव्हापासून त्यांची डाव्या हाताची बोटं ओळ संपली, की आपोआप सेव्हच्या बटणांवर जात. रंगरावांना त्याचा पत्ता नव्हता, त्यांना बोटांमधलं काय कळणार.

तिसऱ्या गुरुवारी टिकिट नंबर दोनशे एकची ओळ बदलताना रंगराव थांबले होते. दोनशे एक म्हणजे सर्जेराव, फिटर. “याचं सांगतो तुम्हाले,” ते म्हणाले. “आमच्याकडे बुधवारी ड्यूटी सुटताना कोणी टेबल साफ करून जात नव्हतं. सगळी हत्यारं पुसून ठेवायची, पण वाइसमध्ये, त्या लोखंडी जबड्यात, एक जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, अर्धा घासलेला तसाच अडकवून ठेवायचा. म्हणजे शुक्रवारी माणूस परत येतो. नवीन पोरगं लागलं, की आधी हेच शिकवत. सर्जेरावानं एका बुधवारी वाइस मोकळा केला. म्हणाला, एकच राहिला होता, करून टाकला. गुरुवारीच गेला. झोपेत.”

“योगायोग असतो, काका.”

“असतो न. मी कुठं नाही म्हणतो.” त्यांनी सर्जेरावाच्या नावामागचं कै. बोटाने एकदा तपासलं आणि पान उलटलं.

त्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा, सुदर्शनचा, फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, आणि शुक्रवारी बायपास ठरली होती. “डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, ताई. वय आहे, शुगर आहे. तेवढं पुस्तक गुरुवारी पुरं करून छापायला पाठवाल का? मी प्रेसवाल्याशी बोललोय. त्यांच्या मनात काही अडकून राहायला नको.” सुदर्शन चांगला मुलगा होता.

“करते,” ताई म्हणाल्या. “गुरुवारी संपवतेच.” फोन ठेवल्यावर त्यांना रंगरावांसाठी वाईट वाटलं, आणि काम एकदाचं संपणार म्हणून हलकंही वाटलं, आणि मग या हलकं वाटण्याची लाज वाटली. थकलेल्या माणसाला धड एक गोष्टही सरळ वाटत नाही.

चौथ्या गुरुवारी सुदर्शन वडिलांना साडेदहाला सोडून गेला. रंगराव एका आठवड्यात आटल्यासारखे दिसत होते. मात्र दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, हातात वही. ते नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “तेवीस दुरुस्त्या आहेत. अन् एक नोंद राहिली आहे.”

“कुणाची?”

“टिकिट नंबर नऊ. माझी. ती शेवटी घ्या.”

ताईंनी पॉवर बँक लावली आणि घड्याळ बघितलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात पडद्यावरची अक्षरं फिकी दिसत होती. बाहेर रस्ता फोडणारं यंत्र घरघरत होतं, त्यामुळे रंगरावांना नावं मोठ्याने सांगावी लागत आणि दर दोन नावांनी त्यांना धाप लागे. तेवीसपैकी सहा जण गेलेले. एकाचा मुलगा दुबईहून परत आलेला. एकीने, पॅकिंग खात्यातल्या वेणूबाईंनी, कळवलं होतं, की माझ्या नावापुढे ‘सुनेकडे’ असं लिहू नका, ‘स्वतःच्या घरी’ असं लिहा. ताईंचा खांदा अकराव्या नावापासून जळत होता. त्या टाइप करत राहिल्या आणि रंगरावही स्वतःच्या सर्जरीचं नाव न काढता पुढची नावं सांगत राहिले. दोघांनाही काम उरकायचं होतं, निदान ताईंना तसं वाटत होतं.

बाराच्या सुमारास तेविसावी ओळ झाली. पॉवर बँकेचा एक दिवा उरला होता.

“चला,” ताई म्हणाल्या. “नंबर नऊ.”

रंगरावांनी वही मिटली. ही नोंद वहीत नव्हतीच. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, खातं सांगितलं. तारीख सांगताना वारही सांगितला, शुक्रवार. ताईंनी टाइप केलं, पुढच्या रकान्याचं नाव लिहिलं आणि सवयीने सेव्ह केलं. सध्या. त्यापुढे दोन टिंबं.

“सध्या काय लिहू?”

रंगराव पडद्याकडे बघत राहिले. दोन टिंबांपुढे ती छोटी उभी रेघ उघडमीट करत होती.

“हडपसर, मुलाकडे, असं लिहू?” ताईंनी विचारलं. “एवढं झालं, की संपलं पुस्तक. सुदर्शन येईल तेव्हा पेन ड्राइव्हच देते हातात.”

“ताई, थोडं पाणी मिळते का?”

ताई उठल्या. माठ मागच्या बाजूला होता. पेला विसळून, पाणी घेऊन त्या परत वळल्या तेव्हा पडदा काळा होता.

आधी त्यांना वाटलं, पॉवर बँक संपली. पण तिचा दिवा लागलेला होता. मग त्यांना दुसऱ्या पोर्टमधून निघालेली पांढरी वायर दिसली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला रंगरावांचा फोन होता, आणि रंगराव खिडकीबाहेर खोदलेल्या रस्त्याकडे बघत बसले होते.

“काका, अहो, सांगितलं होतं ना मी तुम्हाला.”

“चुकून लागला.”

“चुकून?”

“बॅटरी उतरली होती फोनची,” रंगराव म्हणाले. “सुदर्शनचा फोन यायचा होता.”

ताईंनी फोन उचलला आणि वायर ओढून काढली. तेवीस वर्षांचा, तेवीस ओळींचा आणि दहा फायनल प्रुफांचा सगळा शीण त्यांच्या तोंडाशी आला होता. तो बाहेर पडला असता, तर रंगरावांच्या छातीला शुक्रवारपर्यंत थांबावं लागलं नसतं. तेवढ्यात हातातला फोन उजळला. त्यावर आकडा होता, चौऱ्याण्णव टक्के.

ताईंनी आकडा वाचला आणि वर बघितलं. त्यांनी तो वाचला हे रंगरावांनी बघितलं होतं. त्यांच्या मांडीवरच्या वहीवर त्यांचे दोन्ही हात होते आणि डावा हात उजव्याला घट्ट धरून होता. शहात्तर वर्षांचा तो माणूस भ्यायला होता. त्याने ते मुलाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं. त्याने फक्त वाइसमध्ये एक जॉब अडकवला होता.

ताई खुर्चीत बसल्या. पाण्याचा पेला त्यांनी रंगरावांपुढे ठेवला. राग गेला होता आणि त्या जागी नुसती माया आली होती, आणि तिचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

“गेलं का सगळं?” रंगरावांनी हळूच विचारलं.

बोटांनी दर ओळीला सेव्ह केलं होतं. काहीही गेलं नव्हतं.

“गेलं,” ताई म्हणाल्या. “तेवीसच्या तेवीस दुरुस्त्या गेल्या. पुन्हा बसावं लागणार.”

रंगराव पाणी प्यायले. “वहीत आहेत सगळ्या लिहून,” ते म्हणाले, प्रामाणिक माणूस म्हणून.

“तुमचं अक्षर मला लागत नाही, काका. तुम्हीच येऊन सांगायला पाहिजे.”

ठळक, सुटं, मस्टरचं अक्षर. रंगरावांनी ताईंकडे बराच वेळ बघितलं.

“पुढच्या गुरुवारी तं मी दवाखान्यात राहीन.”

“मग त्याच्या पुढच्या. त्याच्याही पुढच्या. मला कसलीही घाई नाही.”

“तोवर तुम्ही खोली सोडली असेल.”

“हडपसरलाच जातेय ना. तुम्हाला बससुद्धा लागणार नाही. लॅपटॉप घेऊन जाईन बरोबर, भंगारात नाही देत. वही तेवढी इथे राहू द्या.”

रंगरावांनी वही टेबलावर ठेवली, कडेला समांतर, टाइमकीपर ठेवेल तशी. साडेबाराला सुदर्शन आला. वडिलांना धरून नेताना त्याने नजरेनेच ताईंना विचारलं, झालं का? ताई लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. रंगराव दारात थांबले आणि म्हणाले, “येतो, ताई.” ते नेहमीच तसं म्हणायचे.

वीज पावणेसातला आली. फाटकावरच्या कागदावर लिहिणाऱ्याचा अंदाज बरोबर होता. ताईंनी जुना चार्जर भिंतीत लावला, लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा केला आणि फाइल उघडली. सहा गेलेले होते, दुबईहून आलेला मुलगा होता, वेणूबाई स्वतःच्या घरी होत्या. शेवटच्या पानावर टिकिट नंबर नऊ, नाव, गाव, खातं, तारीख. त्याखाली ‘सध्या’ आणि पुढे कोरी जागा. तिथे दोन शब्द टाकले असते, तर फाइल पाच मिनिटांत प्रेसला पाठवता आली असती.

फोन वाजला. दवाखान्यातून सुदर्शन बोलत होता. “बाबांना ॲडमिट केलंय, ताई. सकाळी सातला नेणार आहेत. पुस्तक झालं का? झालं असेल तर आत्ताच सांगतो त्यांना, शांत झोपतील.”

ताईंनी पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

“नाही झालं,” त्या म्हणाल्या. “सांगा त्यांना, काम अडलंय. त्यांच्याशिवाय होण्यासारखं नाही.”

पलीकडे सुदर्शनने फोन बाजूला धरला. मग तो वडिलांना ते सांगत असल्याचं ताईंना ऐकू आलं, आणि त्या फोन कानाला लावून थांबल्या.